सतरा वेळा वर झालेला हात

एल्बियो तेचेराचा उजवा खांदा मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता दुखायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की संसदेत काहीतरी अवघड येतंय.

एकोणीस वर्षांत त्याच्या दुखण्यांचा मला चांगलाच सराव झाला होता. पेट्रोलवर कर बसला तेव्हा त्याची दाढ सुजली. आमच्या गावची रेल्वे बंद करायचा कायदा आला तेव्हा मुतखडा. कमी पोरांच्या शाळा एकत्र करायच्या ठरल्या त्या आठवड्यात तर त्याला अशा उचक्या लागल्या की डॉक्टरने चक्क दाखला लिहून दिला. एरवी माणूस ठणठणीत. कुणाचा वाढदिवस, कुणाचं मयत, लोकर कापणीनंतरची जेवणावळ, सगळीकडे हजर. दोन ताटं हाणायची आणि निघताना गावातल्या प्रत्येक म्हातारीच्या गालाचा मुका घ्यायचा.

"निदिया," तो फोनवर कण्हत म्हणाला, "हात वरच जात नाही गं. खांद्यापर्यंतसुद्धा नाही."

"आणि दुसरा?"

"दुसरा कुठला?"

"डावा."

"डाव्या हाताने मत देणं बरं दिसतं का? रजेचं पत्र धाडतोय मी. गुरुवारी सकाळी दहाला तू जा. नेहमीसारखं."

हे 'नेहमीसारखं' काय ते सांगायला हवं, कारण ते आमच्या पासो कालांद्रियात अर्ध्या लोकांना अजून धड ठाऊक नाही. आमच्याकडे मत पक्षाच्या यादीला जातं: पहिलं नाव खासदार होतं आणि त्याच्या मागून तीन बदली खासदारही निवडून येतात. खासदाराने रजा टाकली की पहिल्या बदलीला बोलावणं जातं. ती त्याच्या खुर्चीत बसते, वेळ आली की हात वर करते आणि बसने घरी परत येते. पहिली बदली मी, निदिया पिरिस. प्लाझाच्या, म्हणजे गावच्या चौकाच्या, कोपऱ्यावर बटणं, दोरे आणि लेस विकते. दुसरा विल्मार, गुरांचा डॉक्टर. तिसरा तेल्मो, बेकरीवाला. त्या दोघांवर कधी वेळच आली नाही, कारण मी कधी नाही म्हटलं नाही.

संसदेच्या दप्तरात एल्बियोची कारकीर्द वाचाल तर तुम्हाला गहिवरून येईल. शाळांना नावं द्यायला त्याने एकेचाळीस वेळा हात वर केला, पुलांना नावं द्यायला नऊ वेळा. गावाच्या शंभरीची सुट्टी, कोकराचा राष्ट्रीय दिवस, मधमाशीपालकाचा राष्ट्रीय दिवस, या सगळ्यांच्या बाजूने तो ठामपणे उभा राहिला. विरोधात एकही मत नाही. जाहीर भूमिका विचाराल तर त्याही तितक्याच ठाम: पेन्शनरांच्या क्लबात तो पेन्शनरांच्या बाजूने, व्यापाऱ्यांच्या जेवणात व्यापाऱ्यांच्या, आणि फुटबॉलच्या दिवशी दोन्ही संघांचे मफलर गळ्यात.

उरलेलं सगळं मी केलं. सतरा वेळा.

त्या सतरा वेळा दप्तरात माझ्या नावावर आहेत आणि गावाने त्या तोंडपाठ केल्यात. पेट्रोल भरताना लोक मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने उसासे टाकतात. रेल्वे स्टेशनच्या बंद दारावर कुणीतरी खडूने लिहिलं, 'किल्ली निदियाच्या दुकानात मिळेल.' हे मी हसण्यावारी नेलं. पण एल्सिराचं नेता आलं नाही.

एल्सिरा माझी शेजारीण. एका बाकावर बसून शिकलो आम्ही. ती घरी चीज करायची आणि रविवारच्या बाजारात विकायची; त्या चीजसाठी लोक शेजारच्या तालुक्यातून यायचे. सहा वर्षांपूर्वी कायदा आला की शिक्का आणि शीतपेटी नसेल तर घरगुती चीज विकायचं नाही. एल्बियोला त्या दिवशी चक्कर आली. हात मी वर केला. दुसऱ्या रविवारी एल्सिराची जागा बाजारात रिकामी होती.

तिने भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी आम्ही बायका प्लाझात बसतो. येर्बा, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायचा भोपळा एकच, नळीही एकच, एल्सिरा गरम पाणी ओतणार आणि भोपळा गोलात फिरणार. त्या दिवसापासून भोपळा माझ्या डावीकडच्या बाईपर्यंत यायचा आणि मग थेट उजवीकडच्या बाईकडे जायचा. सहा वर्षं मी रोज तिथे बसले आणि सहा वर्षं भोपळा माझ्या नाकासमोरून गेला. लाज वाटायची, पण उठून जायची त्याहून जास्त लाज वाटायची.

मी हे सोसत होते ते एका वचनावर. एल्बियोने मला पहिल्यापासून सांगितलं होतं, "मी निवृत्त झालो की यादीत पहिलं नाव तुझं." एकदा तरी स्वतःच्या नावाने उभं राहावं, कुणाची रजा म्हणून नव्हे, आणि लोकांना कळावं की ही बाई दुसऱ्याच्या दुखण्याखेरीजही काहीतरी आहे, इतकीच माझी हौस. एल्बियो या ऑक्टोबरात निवृत्त होणार होता.

तर मंगळवारी सकाळी त्याचा खांदा दुखला आणि त्याच दुपारी छापखान्याचा ओस्काल्दो दुकानात आला. यादीच्या मतपत्रिकेला निळी कड हवी होती आणि नेमका कुठला निळा ते त्याला माझ्या रिबिनींशी जुळवून पाहायचं होतं. कच्चा छाप त्याने काउंटरवर पसरला. पहिलं नाव मार्तीन, एल्बियोचा जावई, जो गावात फक्त ईस्टरला येतो. खाली बारीक अक्षरात, पहिली बदली: निदिया पिरिस.

"हा निळा की तो?" ओस्काल्दोने विचारलं.

"तो," मी म्हटलं, आणि तो गेल्यावर फोन उचलला.

एल्बियोने नाकबूल केलं नाही. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नाही, तो फक्त खरं बोलत नाही.

"अगं, समजून घे," तो म्हणाला. "तुझं मतदान फार कडक आहे. लोक बिचकतात. मार्तीनने कशालाच मत दिलेलं नाही, त्यामुळे कुणाचा राग नाही त्याच्यावर."

"माझं मतदान?"

"मग कुणाचं? दप्तरात बघ."

मी फोन ठेवला आणि थोडा वेळ बटणांचे डबे रंगांप्रमाणे लावत बसले. ते आधीच रंगांप्रमाणे लावलेले होते. मग मी शटर ओढलं आणि विल्मारकडे गेले.

गुरुवारचा कायदा निवृत्तीचा होता. साठीऐवजी पासष्टीला पेन्शन. सरकारी बाजू पन्नास, विरोधी एकोणपन्नास, म्हणजे एल्बियोच्या खुर्चीवरच सगळं अडलेलं. त्याने पेन्शनरांच्या क्लबात छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की मी असेपर्यंत हे होणार नाही, आणि पक्षाच्या प्रमुखाला सांगितलं होतं की काळजी सोडा. दोन्ही खरं करायची त्याची युक्ती म्हणजे मी.

आता, बोलावणं नाकारायचं तर त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. सभागृहात मी ते पुष्कळदा ऐकलंय: 'फक्त या एका वेळेपुरतं मला हे बोलावणं स्वीकारता येत नाही.' कारण द्यावं लागत नाही. आणि तिघाही बदल्यांनी ते म्हटलं, तर त्या खुर्चीत बसायला खासदाराखेरीज कुणी उरत नाही. मी तीन कोरे कागद घेतले आणि प्रत्येकावर ते वाक्य माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. विल्मारने एका गाभण घोडीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. त्याला कारण लागलंच नाही. "एल्बियोची गंमत बघायला मी दोन घोड्यांचे दात फुकट काढीन," म्हणाला.

तेल्मोचं मात्र तसं नव्हतं. त्याने मला बेकरीच्या मागे नेलं आणि कपाट उघडलं. आत एक राखाडी सूट टांगलेला होता.

"एकोणीस वर्षांपूर्वी शिवलाय," तो म्हणाला. "बोलावणं आलं तर असावा म्हणून. दोनदा सैल करून घेतला. आणि पहिल्यांदा माझी पाळी येतेय, तर तू सांगतेस नाही म्हण."

या सूटचा मी कधी विचारच केला नव्हता. प्रत्येक वेळी मुकाट्याने मीच गेले होते ना.

"घाल सूट," मी म्हटलं. "वर गॅलरीत बसायला चल. बस मी करतेय. पेन्शनरांचा अख्खा क्लब नेऊ. एल्बियो त्यांच्यासाठी काय करतो ते त्यांना डोळ्यांनी बघू दे."

तेल्मोने सूटच्या बाहीवरचं पीठ झटकलं आणि सही केली.

बुधवारी संध्याकाळी तिन्ही पत्रं पोचली. बरोबर वीस मिनिटांनी एल्बियोचा फोन. मी घेतला नाही. मग विल्मारकडे, मग तेल्मोकडे. मग म्हणे पक्षप्रमुखाने एल्बियोला फोन केला आणि सांगितलं की खांदा, मुतखडा, उचक्या, जे काय असेल ते बरोबर घेऊन ये, वाटल्यास रुग्णवाहिकेतून ये, पण ये. नाहीतर जावयाला विसर.

गुरुवारी आमची बस चार तास खडखडत राजधानीला पोचली. एक्केचाळीस माणसं, सगळी ठेवणीतल्या कपड्यांत, थर्मास काखेत. थर्मास दारावर ठेवून घेतले, त्यावरून जरा वाद झाला. एल्सिराही होती. ती क्लबाची चिटणीस. ती बसमध्ये पहिल्या रांगेत बसली, मी शेवटच्या.

एल्बियो दहाला दोन मिनिटं असताना आत आला. उजवा हात झोळीत बांधलेला. त्याने सवयीने सगळीकडे हसून पाहिलं, मग वर पाहिलं आणि त्याला अख्खा पासो कालांद्रिया दिसला. त्याचं हसू तसंच राहिलं, पण चेहरा त्याच्या मागून निघून गेला.

भाषणं झाली. मग अध्यक्ष म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी हात वर करावा." हात वर गेले. एल्बियोने डावा हात कानापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. वरून पाहणाऱ्याला वाटावं कान खाजवतोय, समोरून पाहणाऱ्याला वाटावं मत देतोय. मानलं मी त्याला. इतक्या वर्षांचा अनुभव त्या एका कोपरात होता.

"सन्माननीय सदस्य तेचेरा," अध्यक्ष म्हणाले, "हात वर आहे की कान खाजतोय?"

"दोन्ही," एल्बियो म्हणाला.

गॅलरीत कुणीतरी खिंकाळलं. विल्मारच असणार.

याची मला कल्पना होती, म्हणून मी आधीच एक चिठ्ठी खाली पाठवली होती. माझ्या सतरा वेळांत शेजारच्या खुर्चीतल्या एका विरोधी बाईंशी माझी ओळख झाली होती, लोकरीच्या विणकामावरून. त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "नाव पुकारून मतदान घ्यावं."

नाव पुकारलं की उठायचं आणि तोंडाने सांगायचं. एल्बियोने एकोणीस वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं. तेचेराचं पहिलं अक्षर आमच्या मुळाक्षरांत शेवटाकडे येतं, म्हणून त्याचं नाव तसं शेवटीच. सभागृहाचे चिटणीस एकेक नाव घेत होते, बाजूने, विरोधात, बाजूने, आणि मी बोटांवर मोजत होते. मला वाटत होतं आता हा 'बाजूने' म्हणेल, एक्केचाळीस जण ऐकतील, आणि उद्या पेट्रोल पंपावर लोक त्याच्याकडे बघून उसासे टाकतील. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद होत होता.

"तेचेरा, एल्बियो."

तो उठला. पक्षप्रमुख पहिल्या रांगेत बसलेला, त्याची एल्बियोकडे पाठ होती. समोर वर आम्ही. कठड्यावर हनुवटी टेकून एल्सिरा त्याच्याकडे पाहत होती. तिच्या घरी त्याने वर्षानुवर्षं चीज खाल्लेलं. राग नव्हता तिच्या नजरेत, काहीच नव्हतं. ती नुसती वाट बघत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एक गोष्ट विसरले. या माणसाने आयुष्यात कुणालाही तोंडावर वाईट सांगितलेलं नाही. आणि इथे प्रमुखाचं तोंड पलीकडे होतं.

"विरोधात," एल्बियो म्हणाला.

कायदा एका मताने पडला. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी आहे. आमच्या लोकांनी पाय आपटले.

परतीच्या बसमध्ये एल्बियो आमच्याबरोबर आला, कारण पक्षाच्या गाडीत त्याला कुणी घेईना. त्याला पहिली सीट दिली. म्हाताऱ्यांनी त्याच्या नावाचं गाणं रचलं, तेल्मोने राखाडी सूटमध्ये उभं राहून ते म्हटलं, आणि भोपळा सगळ्यांत आधी एल्बियोकडे गेला. मी मागे खिडकीला डोकं लावून बसले. इतकी खटपट करून मी त्या माणसाच्या गळ्यात हार घातला होता. अशी चिडले होते की डोळे भरून आले.

तासाभराने तो मागे आला. झोळी खिशात.

"खांदा बरा झाला वाटतं," मी म्हटलं.

"तूच केलंस ना हे?"

"मीच."

"वाटलंच." तो शेजारी टेकला. "पण एक सांग, निदिया. मी तुला सतरा वेळा पाठवलं. हात वर कर असं एकदा तरी म्हणालो?"

मी आठवून पाहिलं. नव्हता म्हणाला. 'तू जा' म्हणायचा, एवढंच. आज त्याने दाखवलं होतं की त्या खुर्चीत बसून 'विरोधात'सुद्धा म्हणता येतं, आणि बसमध्ये गाणंही होतं त्यावर. मला एकदाही सुचलं नव्हतं.

तो पुढे गेला आणि माझा फोन वाजला. पक्षप्रमुख. तेचेराच्या जावयाचं नाव काढून टाकलंय, म्हणाला. "आम्हाला तुमच्यासारखं भरवशाचं माणूस हवं, बाई. सतरा कठीण मतं, आणि एकदाही डगमगला नाहीत. यादीत पहिलं नाव तुमचं. निवडणुकीनंतर कायदा परत येईल, तेव्हा अडचण नाही ना?"

एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे. पहिलं नाव. मी म्हटलं, थोड्या वेळाने कळवते.

फोन ठेवून मान वर केली तर समोर एल्सिरा. एका हातात थर्मास, दुसऱ्यात भोपळा. बस हलत होती म्हणून ती सीटला गुडघा टेकवून उभी होती.

"तिघांनी एकदम नाही म्हणायचं, हे डोकं तुझं," ती म्हणाली. सहा वर्षांनी तिचा आवाज माझ्या दिशेने आला होता.

"माझं. पण एल्सिरा, ते चीजचं... त्या दिवशी त्याला चक्कर आली, म्हणून मी..."

"चक्कर त्याला आली. हात कुणाचा होता?"

"माझा."

"मग? त्याच्यावर कोण रागावणार? त्याच्याकडून मी कधी कशाची अपेक्षाच केली नाही. सगळं गाव त्याचे मुके घेतं, ते फुकटचे असतात." तिने भोपळ्यात पाणी ओतलं. "तू मात्र एका बाकावर बसलेली होतीस माझ्या. म्हणून रागावले. अजून आहेच राग. धर."

मी भोपळा घेतला. आमच्यात 'आभारी आहे' म्हटलं की त्याचा अर्थ आता पुरे, पुढे मला देऊ नका. मी काही बोलले नाही. येर्बा कडू होता, पाणी थर्मासात सकाळपासून निवलेलं, आणि मी नळीचा गुर्रर्र आवाज होईपर्यंत प्याले.

मग पक्षप्रमुखाला फोन लावला आणि सांगितलं की फक्त या एका वेळेपुरतं मला हे बोलावणं स्वीकारता येत नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही आमची वेगळी यादी नोंदवली. पहिली मी, मग विल्मार, मग तेल्मो. गाव म्हणतं, तीन बदल्या आणि खासदारच नाही. आमच्याकडे यादी नावाने नाही, आकड्याने ओळखतात. भिंतीवर आकडा, मतपत्रिकेवर आकडा. नोंदणीच्या कारकुनाने विचारलं, कुठला हवा? तेल्मोला वाटत होतं काहीतरी गोल, बघायला बरा असा आकडा घ्यावा.

मी सतरा घेतला. लोकांनी विचारलं तर ती सतरा मतं सांगायला बरं, एकेक करून, तोंडाने.

संध्याकाळी प्लाझात एल्सिराने मतपत्रिकांचा गठ्ठा हातात घेतला, आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"चीजचं कितवं?" तिने विचारलं.

"अकरावं."

"एकेक करून सांगशील, तेव्हा ते सगळ्यांत आधी मला सांगायचं," ती म्हणाली, आणि गठ्ठ्यातला अर्धा भाग आपल्या पिशवीत टाकला.